मोटारीचा आवाज ओळखा, मोटार वाचवा



विहिरीवर मोट चालत होती त्या काळी मोटेच्या चाकाचा आवाज बदलला की धावेवरचा माणूस बैल थांबवून आधी कण्याला वंगण घालायचा. नाडा घासतो आहे की चाक कुरकुरते आहे, हे त्याला न बघता कळायचे. मोट गेली, इंजिन आले, पुढे वीज आली. आज बहुतेक सभासदांच्या विहिरीवर, बोअरवर किंवा नदीकाठी विजेची मोटार आहे. पण मोटेच्या चाकाला जसा आपण कान देत होतो, तसा मोटारीला देत नाही. बटण दाबले, पाणी पडले, की आपण दांडावर जातो. मग एक दिवस मोटार जळते आणि आपण म्हणतो, "काल तर बरी चालली होती."

वास्तविक, मोटार काल बरी नव्हती. आठ-पंधरा दिवस ती आवाज करून सांगत होती. एकदम जळणारी मोटार थोडी. बहुतेक मोटारी आधी कुरकुरतात, घरघरतात, गुणगुणतात आणि मगच बंद पडतात. मोटार भरून आणण्याचा खर्च तर होतोच, पण त्याहून मोठा फटका पिकाला बसतो. एप्रिल-मे महिन्यांत आडसाली ऊस जोमाच्या वाढीत असतो आणि सुरू उसाची मोठी बांधणी चाललेली असते. अशा वेळी मोटार दुकानात पडून राहिली आणि एक पाळी चुकली, तर कांड्या आखूड पडतात. ती तूट पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. यास्तव कोणता आवाज कशाचा, तो आल्यावर काय करावे आणि काय करू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

आधी चांगला आवाज ओळखा

वाईट आवाज ओळखायचा तर चांगला आवाज कानात बसलेला पाहिजे. आपल्याकडे विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने आहे. त्यामुळे धडधाकट मोटारीतही सेकंदाला १०० कंपनांची बारीक एकसारखी गुणगुण असतेच. तिच्यावर पंख्याच्या वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज येतो. दोन पोलची मोटार मिनिटाला सुमारे २८८० फेरे घेते, चार पोलची सुमारे १४४०. दोन पोलच्या मोटारीचा आवाज उंच, चार पोलच्या मोटारीचा भारी. कोणताही असो, तो संथ आणि एका लयीत असला पाहिजे.

नवी मोटार बसविली किंवा दुरुस्त होऊन आली की पहिल्या दिवशी पाच मिनिटे शांतपणे ऐकावी. स्टार्टरवरच्या अँपिअर मीटरचा काटा किती दाखवतो तो आकडा आणि तारीख खडूने पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. मोटारीच्या पाटीवर पूर्ण भाराचा प्रवाह दिलेला असतो. ५ हॉर्सपॉवरच्या, म्हणजे ३.७ किलोवॅटच्या तीन फेज मोटारीला तो साधारण सात-साडेसात अँपिअर असतो. पुढे कधी शंका आली तर कान आणि काटा या दोघांची साक्ष काढता येते.

पहिली कसोटी: बटण बंद करून ऐका

आवाज बिघडला की पहिला प्रश्न असा की दोष विजेचा आहे की यंत्राचा? याची सोपी कसोटी आहे. मोटार चालू असताना आवाज नीट ऐका आणि बटण बंद करा. वीज तुटल्यावरही मोटार काही क्षण आपल्या वेगाने फिरत राहते. बटण दाबताक्षणी आवाज पूर्ण थांबला तर दोष विजेचा आहे. फेरे कमी होत जाताना आवाजही हळूहळू मंद होत गेला तर दोष यंत्राचा आहे, म्हणजे बेअरिंग, कपलिंग, पंखा किंवा पंप यांत आहे. या एका कसोटीने वायरमनला बोलवायचे की फिटरला, हे ठरते आणि एक खेप वाचते.

मोटार नुसतीच 'हूं' करते, फिरत नाही

हा सर्वांत धोक्याचा आवाज. तीनपैकी एक फेज गेलेला असतो. डीपीवरचा फ्यूज उडालेला असेल, तार तुटलेली असेल किंवा स्टार्टरचा एखादा कॉन्टॅक्ट जळलेला असेल. दोन फेजवर उभी मोटार उचलत नाही. ती जागच्या जागी हुंकारते आणि नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. असा आवाज आला की लगेच बंद करावे. "उचलेल, थांब जरा," म्हणून बटण दाबून धरू नये. तेवढ्या वेळात वायंडिंग करपते.

मोटार चालू असताना फेज गेला तर ती थांबत नाही, हे अधिक कपटी. ती दोन फेजवर फिरत राहते, पण आवाज जड, भोंगा वाजवल्यासारखा होतो. उरलेल्या दोन तारांतला प्रवाह नेहमीच्या पावणेदोन पटीपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. प्रवाह वाढला की उष्णता वाढते. वायंडिंगचे तापमान नेहमी मर्यादेपेक्षा १० अंश जास्त राहिले तर त्याच्या वेष्टनाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. यावर उपाय म्हणजे चालू स्थितीतला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि पाटीवरच्या आकड्याला लावलेला ओव्हरलोड रिले. रिले सारखा पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणे किंवा त्याला वायरने जोडून टाकणे म्हणजे राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून देणे होय.

काही सभासद कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार दोन फेजवर चालवितात. अशी मोटार कायम घुमते आणि तापते. डीपीवरही भाराचा समतोल बिघडतो आणि त्याचा त्रास त्या डीपीवरच्या सगळ्यांना होतो. पाळीचे पाणी चुकण्याची भीती आम्ही समजू शकतो. तरीपण हा उपाय मोटारीच्या जिवावरचा आहे.

स्टार्टर तडतडतो

स्टार्टरच्या पेटीतून 'टर्रर्र' असा आवाज येतो तेव्हा आतले चुंबक कॉन्टॅक्टला घट्ट ओढून धरू शकत नसते. एक कारण कमी दाब. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास दाब हवा. लाइनीच्या शेवटच्या टोकाला, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू असताना तो बराच उतरतो. दाब ८० टक्क्यांवर आला की मोटारीचा जोर ६४ टक्केच उरतो, कारण जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. वीज आल्याबरोबर सगळ्यांच्या ऑटोने एकाच क्षणी मोटारी उचलल्या तर हेच होते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापसांत ठरवून ऑटोचा वेळ एक-दोन मिनिटांच्या अंतराने लावला तर सर्वांच्याच मोटारी सुखाने उचलतील. याला पैसा लागत नाही, फक्त एकमेकांशी बोलावे लागते.

दाब बरोबर असूनही तडतड राहिली तर चुंबकाच्या तोंडावर धूळ, गंज किंवा मुंग्या-किडे अडकलेले असतात. मेन स्विच बंद करून ते साफ करून घ्यावे. तडतडणारा कॉन्टॅक्ट ठिणग्या टाकतो, ठिणग्यांनी तो जळतो आणि त्यातूनच पुढे एक फेज तुटतो.

कुईकुई आणि घरघर: बेअरिंगचे बोलणे

बेअरिंग दोन पायऱ्यांनी बोलते. पहिल्यांदा ग्रीस सुकले की उंच पट्टीत 'कुईं' किंवा 'किर्र' असा आवाज येतो. तो येतो, जातो, पुन्हा येतो. या वेळी ग्रीस बदलले तर बेअरिंग वाचते. दुर्लक्ष केले की छर्रे आणि त्यांची वाट खरवडते आणि जात्यात खडा सापडावा तशी 'घर्र घर्र' सुरू होते. या पायरीला ग्रीस लावून उपयोग नाही, बेअरिंगच बदलले पाहिजे. तरीही चालवत राहिल्यास दांडा डगमगतो आणि मोटारीचा फिरता भाग स्थिर भागाला घासून वायंडिंग खराब होते. बेअरिंगवरच्या खर्चाची कुचराई अशी पूर्ण मोटारीला भोवते.

कोणते बेअरिंग बोलते हे ओळखायला कारखान्यातल्या फिटरची युक्ती वापरावी. लांब पेचकस घ्यावा, त्याचे टोक बेअरिंगच्या घरावर बाहेरून टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. आतला आवाज स्पष्ट ऐकू येतो. मात्र धोतराचा सोगा, टॉवेल किंवा साडीचा पदर नीट खोचूनच जवळ जावे. फिरत्या भागापासून आणि वायरीच्या डबीपासून पेचकस दूर ठेवावा.

ग्रीस भरतानाही हात आखडता हवा. बेअरिंगच्या घरातली एक तृतीयांश ते निम्मी जागा भरली की पुरे. ठासून भरलेले ग्रीस घुसळून तापते आणि पातळ होऊन वायंडिंगकडे जाते.

खटखट आणि खरखर

मोटार आणि पंप वेगळे असून मध्ये कपलिंग असेल तर लयीत 'खट-खट-खट' आवाज बहुधा तिथूनच येतो. पिनांवरचे रबरी बुश झिजलेले असतात किंवा दोन्ही दांडे एका ओळीत राहिलेले नसतात. पायाचे नट ढिले झाले तरी हाच आवाज येतो आणि चौथऱ्याला हात लावला की थरथर जाणवते. नट आवळून, ओळंबा तपासून बुश बदलावेत. मोनोब्लॉक पंपात कपलिंग नसते. त्यामुळे तिथे खटखट आली तर इंपेलर ढिला झाला आहे का किंवा त्यात काडी-खडा अडकला आहे का, ते पाहावे.

पत्रा घासल्यासारखी खरखर आली तर मागच्या पंख्याचे झाकण चेपून पात्याला लागत असते. कधी झाकणात गांधीलमाशीचे पोळे किंवा पाचट गेलेले असते. दोष किरकोळ आहे, पण पंख्याचा वारा अडला की मोटार तापते.

वेगळा पंप असेल तिथे ग्लँडचे पॅकिंग फार आवळले की कोरडी 'चीं' ऐकू येते आणि दांडा हाताला चटका देतो. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडत राहिले पाहिजे. तेच त्याचे वंगण आहे. गळती पूर्ण बंद करण्याच्या हट्टाने दांडा खरवडतो.

पंपात खडी वाजते

उन्हाळ्यात पुष्कळ सभासदांची तक्रार असते की पंपात खडी गेल्यासारखा कडकडाट होतो, पण उघडून पाहावे तर आत काहीच नाही. हा आवाज खड्यांचा नसून बुडबुड्यांचा असतो.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे पंप आपल्या तोंडाशी पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतले पाणी पाईपमधून वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकतो. आपला देशावरचा मुलूख समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच, म्हणून इथे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. त्यातून पाईपचे घर्षण, बाक आणि फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपण सारे 'फुटबॉल' म्हणतो, यांचा अडथळा वजा केला तर व्यवहारात पाण्यापासून पंपापर्यंतची उंची ६ मीटरपर्यंतच ठेवावी.

जानेवारीत पाणी चार मीटरवर असते तेव्हा पंप गप्प असतो. एप्रिलमध्ये पाणी आठ मीटरवर गेले की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाणी गरम न होताच तिथे उकळू लागते. डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळते, त्यातलाच हा प्रकार. वाफेचे हे बुडबुडे इंपेलरमध्ये जास्त दाबाच्या जागी गेले की फट्कन मिटतात. प्रत्येक बुडबुडा मिटताना धातूवर हातोडीचा बारीक घाव बसतो. महिना-दोन महिन्यांत इंपेलर वाळवी लागल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा होतो आणि पाणी कमी पडू लागते.

उपाय क्रमाने करावेत. प्रथम फुटबॉलची जाळी शेवाळ-पाला काढून साफ करावी. सक्शन पाईप पंपाच्या तोंडापेक्षा लहान नसावा, त्यात बाक कमीत कमी असावेत. पाणी खाली गेले असेल तर पंप खालच्या टप्प्यावर घ्यावा. तोपर्यंत डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पाणी कमी घेतले तर आवाज कमी होतो. सक्शनच्या बाजूला अडथळा मात्र कधीही आणू नये.

भकभक करून पाणी तुटते

पाणी धारेने न पडता धाप लागल्यासारखे भकभकत पडत असेल तर पंपाने हवा धरली आहे. एक तर फुटबॉल उघडा पडत आला असेल आणि पाण्यात भोवरा होऊन हवा आत जात असेल. फुटबॉलवर निदान ६० सेंटिमीटर पाणी राहिले पाहिजे. नाहीतर सक्शनच्या जोडावर भेग असेल. पंप चालू असताना प्रत्येक जोडावर साबणाचा फेस किंवा पातळ शाडू लावून पाहावा. भेग असेल तिथे तो आत ओढला जातो.

बोअरमधल्या पाणबुडी मोटारीचा आवाज वर येत नाही. तिथे डिलिव्हरीच्या पाईपला कान लावावा आणि डोळा अँपिअरच्या काट्यावर ठेवावा. पाईपमधून हवेची भकभक आणि काटा नेहमीपेक्षा खाली, म्हणजे बोअर तुटला. तिच्या बेअरिंगांना पाणीच थंड ठेवते. ती कोरडी चालली तर फार वेळ टिकत नाही. कोरडी चालल्यास आपोआप बंद करणारे साधन बसविणे शहाणपणाचे.

फेज बदलले, पाणी घटले

डीपी किंवा लाइनीवर काम झाल्यानंतर मोटार वेगळाच खळखळाट करते आणि पाणी निम्मे पडते, असे झाले तर मोटार उलटी फिरते आहे असे समजावे. उलट्या फिरणाऱ्या पंपातूनही थोडे पाणी येतच राहते, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. पंपावरच्या बाणाची दिशा पाहावी. वायरमनकडून तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करून घेतली की काम झाले.

मोटार बंद होताना 'धाड'

नदीवरून लांबून पाणी आणणाऱ्या उपसा योजनांच्या सभासदांना हा आवाज ओळखीचा आहे. लाईट गेली की पाईपातला पाण्याचा लोंढा थबकतो, मागे फिरतो आणि बंद झालेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. याला पाण्याचा हातोडा म्हणतात. मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली याचे गणित मांडले. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबले तर लोखंडी पाईपात जास्तीत जास्त सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब होतो. पीव्हीसी पाईपात तो साधारण ३० ते ४५ मीटर असतो.

आता आपला हिशेब करा. शेत नदीपासून ४० मीटर उंच आहे आणि पाईप सहा किलोचा, म्हणजे ६० मीटर दाब सोसणारा आहे. एरवी तो पुरतो. पण धाड बसली की ४० अधिक ४०, असे ८० मीटर होतात. "पाईप हलका निघाला," असे आपण म्हणतो. पुष्कळदा दोष पाईपाचा नसतो. मोटार हाताने बंद करताना आधी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळावा, मग बटण दाबावे. वीज अचानक जाण्यावर माणसाचा इलाज नाही. म्हणून पंपाजवळ चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह हवेतच. लाईट परत आल्यावर पाणी मागे येत असतानाच ऑटोने मोटार उचलू नये, याकरिता त्याचा वेळ पुरेसा ठेवावा.

कान लावताना जीव सांभाळा

पुष्कळ वेळा वीज रात्री येते, पाय ओले असतात आणि माणूस एकटा असतो. म्हणून चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

१) पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात टाकावेत. ऑटो असेल तर वीज येताच मोटार आपोआप उचलते, हे विसरू नये.

२) मोटारीला हात लावताच झिणझिण्या आल्या तर ती आवाज करो वा न करो, बंद ठेवावी. अर्थिंग तपासल्याशिवाय चालू करू नये.

३) डीपीवर स्वतः चढू नये. फ्यूज बदलणे हे वीज कंपनीच्या माणसाचे काम आहे.

४) विहिरीत किंवा बंद खोलीत डिझेल इंजिन चालू असताना आत उतरू नये. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि तो आवाजही करीत नाही.

थोडक्यात

नुसती 'हूं': फेज गेला, ताबडतोब बंद करा.
पेटीत तडतड: दाब कमी किंवा कॉन्टॅक्ट घाण.
कुईकुई: ग्रीस सुकले. घरघर: बेअरिंग गेले.
खटखट: कपलिंग, बुश, पायाचे नट.
खडीचा कडकडाट: पाणी फार खाली किंवा जाळी तुंबली.
भकभक: पंपाने हवा धरली.
बंद होताना धाड: व्हॉल्व्ह आणि ऑटोचा वेळ पाहा.

हा भाग कापून स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. घरातल्या सर्वांना, विशेषतः रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या मुलांना आणि गड्याला, तो एकदा वाचून दाखवावा. मार्च संपण्यापूर्वी एकदा सवड काढून आपली मोटार पाच मिनिटे नुसती ऐकावी. ग्रीस, बुश, पॅकिंग यांची कामे त्या वेळी स्वस्तात होतात. मे महिन्यात ऊस मान टाकतो तेव्हा प्रत्येक मोटार-दुकानात रांग लागलेली असते.